दोन बोटांचा ब्रेक

जावा बेटावर इमोगिरीच्या बाजारातून द्लिंगोच्या डोंगराकडे रस्ता वळतो, तिथे डाव्या हाताला माझं पंक्चरचं दुकान आणि बरोबर समोर पाक पोनिरान यांचं सायकलचं; पाक म्हणजे काका. मधे फक्त डांबर. अठ्ठावीस वर्षं मी त्या माणसाकडे बघत पंक्चर काढली. बायकोकडेही इतका वेळ बघितलं नसेन.

मी सुमात्रातल्या तोबा सरोवराकाठचा बाताक. आमच्याकडे माणसाला भूक लागली की तो भूक लागली म्हणतो, आणि भांडण असलं की दारात येऊन भांडतो. इथल्या जावानी लोकांचं तसं नाही. चहाचा पेला पुढ्यात ठेवला तरी यजमानाने तीनदा 'घ्या' म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही. तोवर चहा निवून जातो. कुणी काही विचारलं की आधी 'हो', विचार मागाहून. पहिली काही वर्षं मी म्हणायचो, या लोकांच्या पोटात एक आणि ओठात एक. पण ते खरं नाही. पोटात वाईट काही नसतंच. समोरच्याला वाईट वाटू नये, एवढीच धडपड असते. आता भीड ही भिकेची बहीण हे त्यांना कोण सांगणार? मी सांगून पाहिलं. सगळे 'हो' म्हणाले.

पाक पोनिरान म्हणजे या भिडेचा अर्क. इतकं हळू बोलायचे, की हातोडा चालू असला तर त्यांचं वाक्य आपण ओठांवरून वाचायचं. शाळा चौथीत सुटली. तेराव्या वर्षी ते योग्या शहरातल्या एका सायकलरिक्षांच्या कारखान्यात लागले आणि तिथे वीस वर्षं लोखंडी नळ्या वाकवल्या. त्या वीस वर्षांनी त्यांना जे हात दिले, ते मी दुसऱ्या कुणाचे पाहिले नाहीत. माझ्याकडे ट्रकचा नट गंजून बसला की मी पान्याला लांब नळी लावून लोंबकळायचो. ते रस्ता ओलांडून यायचे, "जरा बघू का, बांग?" म्हणायचे, आणि नट सुटायचा. मला बांग, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायचे. माझ्याहून सोळा वर्षांनी मोठे होते.

बोलणं मऊ, पण एका बाबतीत हट्ट असा, की डोंगर हलेल आणि हे हलणार नाहीत. ब्रेक महाग असायची गरज नाही. शहरातून रविवारी घट्ट कपडे घालून डोंगर चढायला येणारे सायकलवाले त्यांच्या दुकानात टेकायचे. त्यांच्या सायकलींना तबकडीचे ब्रेक, आत तेल भरलेले. पाक ते निरखून बघायचे, छान आहे म्हणायचे, आणि ते लोक गेले की मला म्हणायचे, "एका ब्रेकच्या पैशात माझ्या घराचं छप्पर होईल, बांग. चाक थांबवायचंय ना? मग रिमला दोन्ही बाजूंनी धरा. रिम केवढं मोठं, तबकडी केवढीशी!"

दर पाच दिवसांनी, पाहिंगच्या बाजाराला, ते जुन्या सामानाच्या ओळीत जाऊन बसायचे. गोणपाटावर ओतलेल्या लोखंडातून ब्रेक निवडायची त्यांची रीत ठरलेली होती. ब्रेकची भुजा खिळ्यावर धरून हलवायची. खडखड वाजली की परत ढिगात. स्प्रिंग दोन्ही बाजूंची सारखी उसळते का बघायचं. रबराला नख लावायचं. नख उमटलं तर रबर जिवंत, नाहीतर चकचकीत मेलेलं. "भुजा कुठल्याही कंपनीची चालते," म्हणायचे, "पैसे खर्च करायचेच तर रबरावर करा आणि तारेच्या नळीवर. लोक उलटं करतात." सगळं बसवून झालं की चाक उचलून जोरात फिरवायचे आणि लिव्हर दाबायची. चाक जागच्या जागी मरायचं. ही त्यांची परीक्षा. या परीक्षेत त्यांचा एकही ब्रेक कधी नापास झाला नाही, आणि गोष्ट तिथेच अडली.

वुर्यानी वर द्लिंगोला राहायची. इथल्या मोठ्या भूकंपात भिंत पाठीवर पडली तेव्हा ती विशीत होती. जगली, चालायलाही लागली, पण ताठ बसलं की कमरेतून कळ जायची. मोटरसायकलवर मागे बसणं जमेना, साधी सायकल तर नाहीच. हात मात्र सोन्याचे. खाली बाटिकच्या कामाला यायची. तांब्याच्या बारीक चोचीतून गरम मेण सोडत कापडावर अशी रेष ओढायची की बघणाऱ्याने श्वास धरावा. तिच्यासाठी तिथे एक आरामखुर्ची ठेवलेली होती. संध्याकाळी घरी जाताना लाकडाचा पिकअप तिला ड्रायव्हरशेजारी उशी देऊन वर न्यायचा. सकाळी मात्र तो पिकअप पहाटेच्या बाजाराला निघून गेलेला असायचा, आणि ती साडेचार किलोमीटर चालत उतरायची. पोचेपर्यंत अर्धा दिवस गेलेला.

पाकनी तिला कधी विचारलं नाही. एक दिवस दोन मोडक्या डोंगरी सायकली कापायला घेतल्या. पुढे वीस इंची चाक, मागे सव्वीस इंची, मधे लांबलचक नळी आणि तिच्यावर वेताच्या खुर्चीची पाठ. रेलून बसायचं, पाय पुढे लांब करून पेडल मारायचं. अशी सायकल परदेशात असते हे त्यांनी कुणाच्या तरी फोनवर बघितलं होतं. माप घेतलं ते वुर्यानी रस्त्याने जाताना, नजरेने.

मी म्हटलं, "पाक, पोरगी डोंगर उतरणार यावर. ब्रेक?"

"आहेत ना," ते म्हणाले. "पाहिंगच्या बाजारातून खास निवडून आणलेत."

वुर्यानीने सायकल पाहिली तेव्हा ती रडली. मग त्यांच्यापुढे वाकून त्यांचा हात कपाळाला लावला. पाक बिचारे इतके गोंधळले, की पान्याने स्वतःचंच कपाळ खाजवायला लागले.

संध्याकाळी सायकल पिकअपच्या मागे टाकून तिने वर नेली, पुढेही रोज तशीच न्यायची. दुसऱ्या दिवशी ती उतरून आली. पाक दुकानाच्या दारात उभे. "कसे आहेत ब्रेक, नदुक?" त्यांनी विचारलं. नदुक म्हणजे पोरी. स्वतःच्या लेकीला म्हणावं तसं.

"छान आहेत, पाक. फारच छान."

पाक दिवसभर शीळ वाजवत होते.

तीन आठवड्यांनी ती माझ्याकडे आली. ट्रकच्या जुन्या टायरचा तळहाताएवढा तुकडा हवा होता. मी दिला. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

"खातेस का टायर?" मी म्हटलं.

ती हसली नाही. डावी चप्पल काढून तिने दाखवली. टाचेकडचा अर्धा भाग झिजून गेला होता, आणि त्यावर मी दिलेला टायरचा तुकडा ठोकलेला; तोही फाटत आलेला. मला कळायला दोन क्षण लागले. ती टाच घासून सायकल थांबवत होती. रेललेल्या सायकलवर पाय पुढे असतात. वेगात असताना टाच जमिनीला लावली आणि ती अडकली, तर पाय आसनाखाली ओढला जातो आणि गुडघ्यातून पिळवटतो. पाठ तर आधीच गेलेली.

"ब्रेक लागत नाहीत?"

"लागतात हो, बांग. थोडे... उशिरा. वळणावर गवतात घालते मी सायकल. नाहीतर टाच आहेच."

"मग त्या म्हाताऱ्याला सांग ना!"

"नको हो! त्यांनी किती प्रेमाने केलंय. एक पैसा घेतला नाही. मी कुठल्या तोंडाने सांगू, की तुमचे ब्रेक वाईट आहेत? तुम्हीही सांगू नका. शप्पथ आहे."

आता माझ्यासारख्या माणसाने काय करायला हवं होतं? सरळ रस्ता ओलांडून जायला हवं होतं. पण ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. आठ दिवस मी गप्प बसलो. समोर पाक शीळ वाजवत होते आणि मी माझ्या मनाला सांगत होतो, बिचाऱ्याचा आनंद कशाला घालवा. आजही आठवलं की स्वतःचा राग येतो. त्या आठ दिवसांत ती मेली असती, तर तिला मी मारलं असतं.

नवव्या दिवशी ती कोपरापासून मनगटापर्यंत सोललेला हात घेऊन आली. पाकनी विचारलं तर म्हणाली, अंगणात घसरले. ती कामाला निघून गेली आणि मी शप्पथ मोडली. हातातला टायर टाकला, समोर गेलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. चप्पल, गवत, टाच, सगळं.

पाक ऐकत राहिले. मग म्हणाले, "ठाऊक आहे मला."

"काय?"

"रबर झिजलंच नाहीये, बांग. दीड महिना डोंगर उतरते म्हणते, आणि रबर कोरं? मी दोनदा सायकल दिवसभर ठेवून घेतली आणि ब्रेक बदलले. ती न्यायला यायच्या आत तार ताणली, दुसऱ्या भुजा लावल्या. माझ्या हाताला दोन्ही वेळा चाक मेलं. आणि तिला विचारलं की ती आपली, छान आहे, पाक, फारच छान."

म्हणजे दोघांनाही माहीत, आणि दोघांचीही अळीमिळी गुपचिळी! माझं डोकंच फिरलं. "अहो, मग विचारा ना दरडावून!"

"दरडावलं तर आणखी जोरात छान म्हणेल." ते स्टुलावर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांचे हात म्हातारे दिसले. "पाइनेम आठवते तुम्हाला?"

पाइनेम त्यांची बायको. जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"रोज सकाळी विचारायचो तिला, बरं आहे ना? काही नाही हो, म्हणायची. पोटाला हात लावून म्हणायची. मला दिसत होता तो हात. पण ती काही नाही म्हणते ना, मग मी कसं म्हणू, की तू खोटं बोलतेस? डॉक्टरकडे गेलो तेव्हा तो म्हणाला, इतके दिवस काय करत होतात? मी विचारत होतो, बांग. रोज विचारत होतो."

मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसलो.

"ब्रेकचं कसं आहे," ते म्हणाले, "मी कितीही बसवले तरी शेवटी चालवणाऱ्याच्या हाताने सांगावं लागतं. तिचा हात मला काही सांगतच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी वुर्यानी उतरून आली तेव्हा पाकनी तिला थांबवलं. दुकानाशेजारून प्रार्थनाघराकडे एक गल्ली चढते, चाळीसेक पावलांची, चांगली उभी. पाकनी स्वतः सायकल वर नेली, तिला बसवलं, आणि खाली येऊन गल्लीच्या मधोमध उभे राहिले. दोन्ही बाजूंना भिंती. जायला जागा नाही.

"ये, नदुक," त्यांनी हाक मारली. त्यांचा मोठा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "माझ्यापुढे येऊन थांब."

वर वुर्यानी, एक पाय जमिनीवर. "पाक, असं उन्हात उभं राहू नका हो."

"ऊन कुठे आहे अजून? ये."

"आधी चहा घेऊ या ना. मी केळी आणलीत."

"केळी नंतर. ब्रेक छान आहेत ना?"

"छानच आहेत, पण..."

"पण काय?"

"रस्ता ओला आहे जरा."

"चार दिवस पाऊस नाही. छान आहेत ना ब्रेक? मग ये!"

मी धावत गेलो, त्यांचा दंड धरून ओढलं. म्हातारा विजेच्या खांबासारखा रोवलेला. समोरची सोयाबीनचे तेंपे तळणारी बाई कढई सोडून बाहेर आली. पाकनी डोळे मिटून घेतले आणि हात बाजूला सोडून दिले. मला तेव्हाही कळलं नाही, आजही सांगता येणार नाही, की ती खरंच सुटली असती तर ते हलले असते का.

वर वुर्यानीचा चेहरा पांढरा पडला होता. आपल्या गुडघ्याचं, आपल्या पाठीचं तिने दीड महिन्यात एका शब्दाने नाव काढलं नव्हतं. ते पणाला लावून ती रोज उतरत होती. पण म्हाताऱ्याच्या हाडांचं ओझं तिला पेलवेना.

"नाही लागत!" ती किंचाळली. "बाजूला हो! नाही लागत तुझे ब्रेक! पहिल्या दिवसापासून नाही लागले!"

वडीलधाऱ्या माणसाला अरेतुरे! जावानी बाईच्या तोंडून! तेंपेवाली बाई तोंडावर हात ठेवून उभी राहिली. वुर्यानीला आपण काय बोललो ते कळलं आणि ती दोन्ही हातांत तोंड लपवून हुंदके द्यायला लागली.

पाकनी डोळे उघडले. गल्ली चढून गेले, तिच्याजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "हां. आता सांग, कसे नाही लागत."

नुसतं सांगून कुठे कळतं? दुकानात त्यांनी तिला आसनावर बसवलं, पुढच्या रबराच्या आणि रिमच्या मधे स्वतःचं बोट घातलं, आणि म्हणाले, "दाब."

"पाक, अहो बोट!"

"दाब म्हणतो ना. रोज दाबतेस तसं."

तिने दाबलं. पाकनी बोटाकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे. पूर्ण मूठही नाही. लिव्हरवर फक्त दोन बोटं, मेणाची चोच धरतात तितकीच हलकी. लिव्हर मात्र दगडासारखी घट्ट. त्यांच्या बोटाला चिमटासुद्धा बसला नव्हता.

तेव्हा त्यांना सगळं उलगडलं, आणि त्यांनी ते मला त्यांच्या बारीक आवाजात समजावलं. भुजा जुन्या तऱ्हेच्या, आखूड. लिव्हर नव्या तऱ्हेची, लांब भुजांसाठी केलेली. या जोडीत लिव्हर हाताला घट्ट लागते, माणसाला वाटतं काय जबरदस्त ब्रेक आहे, आणि रिमवर जोरच पोचत नाही. "माझ्या मुठीला सगळं चालतं, बांग," ते म्हणाले. "चाळीस वर्षं मी माझ्या मुठीने ब्रेक पास करत आलो. किती बायका चालवतात माझ्या सायकली! किती म्हाताऱ्या!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण एका हातात लिव्हर आणि दुसऱ्याचं बोट अजून रिममधेच.

पुढच्या पाहिंगच्या बाजाराला ते वुर्यानीला बरोबर घेऊन गेले. तोवर सायकल दुकानात कुलपात. गोणपाटापुढे तिला खुर्ची मागून बसवलं आणि निवड तिच्या बोटांवर सोडली. लांब, सरळ भुजांचे ब्रेक. कंपनीचं नाव कधीच पुसलेलं, पण खडखड नाही. त्यांच्याच जोडीची लिव्हर, दांड्याच्या जवळ वळवलेली, दोन बोटांत मावणारी. मागच्या चाकाची तार या सायकलला दीडपट लांब लागते आणि स्वस्त नळी मधेच दबून सगळा जोर गिळते, म्हणून नळी मात्र कोरी, जाड घेतली. रबरंही कोरी. सगळं मिळून शहरी लोकांच्या एका तबकडीच्या पावपट किमतीत. पाकचा हट्ट खरा ठरला, पण त्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत.

बसवून झाल्यावर पुन्हा बोट. "दाब." तिने दोन बोटांनी दाबलं आणि पाक "आई गं!" म्हणून असे उडाले की स्टूल कलंडलं. वुर्यानी घाबरून माफी मागायला लागली. ते नख फुंकत हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हा दोघांचंही कामात लक्ष नव्हतं. मी एकच ट्यूब तीनदा पाण्यात बुडवली. पाक सातपासून दारात. पावणेआठला ती वळणावरून आली. दोन्ही पाय पेडलवर, टाच कुठेही टेकलेली नाही. दुकानासमोर येऊन थांबली, बरोबर त्यांच्या पायापाशी.

"कसे आहेत, नदुक?"

वुर्यानीने तोंड उघडलं. 'छान' हा शब्द तिच्या ओठांवर आलेला मला रस्त्याच्या या बाजूने दिसला. पाकनाही दिसला असणार. त्यांचा चेहरा उतरायला लागला होता. तिने तो शब्द गिळला. खाली मान घालून, बोटांत ओढणीचं टोक पिळत, ती काहीतरी म्हणाली आणि लगेच पेडल मारून निघून गेली. ऐकू मला आलं नाही.

पाक रस्ता ओलांडून आले. डावी-उजवी न बघता आले. एका मोटरसायकलवाल्याने शिवी हासडली. माझ्या बाकावर बसले.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, पुढचा ठीक आहे," ते म्हणाले. "म्हणाली, मागचा कमी आहे, पाक. उद्या बघा."

मग माझा हात हातात घेऊन त्यांनी तेच वाक्य मला आणखी दोनदा सांगितलं.